उशापाशी बसणारी डॉक्टर

दवाखान्यात नवे शिकाऊ डॉक्टर आले की डॉ. जनका पाईकराव पहिल्याच दिवशी त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर आडवं करायची. शेवटची परीक्षा पास होऊन खेड्यातल्या नेमणुकीवर आलेली ही पोरं, गळ्यात कोरे करकरीत स्टेथोस्कोप. त्यांना वाटायचं, बाई चेष्टा करतेय. पोरगं आडवं झालं की ती त्याचे हात पट्ट्यानं बांधायची आणि काळा रबरी मास्क नाकातोंडावर दाबून धरायची. औषध नसायचं त्यात, नुसती हवा. पण रबराचा तो उग्र वास, डोळ्यांवर येणारा दिवा आणि हलता न येणारे हात. थोड्याच वेळात पोरगं मान इकडून तिकडं फिरवायला लागायचं. मग ती त्याच्या कानाशी वाकायची.

"काहून? भ्या वाटून राहिलं का? आता असं समज, तुला लिहितावाचता येत न्हाई. तुझी लेकरं बाहेर पायरीवर बसलीत. अन् तुझ्या उशापाशी जो उभा आहे, त्याचं ध्यान खिडकीबाहेर आहे."

एरवी ती शुद्ध बोलायची. राग आला की मात्र तिच्या गावची, हट्ट्याची बोली तोंडात यायची, आणि राग तिला बारमाही होता.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर दोन पोरं आली. एक श्रीरंग मुळे, परभणीचा. वडिलांचं स्वतःचं नर्सिंग होम, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. दुसरा रामसिंग राठोड, जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पलीकडच्या तांड्यावरचा. त्या तांड्यातला हा पहिलाच डॉक्टर. पुढं काय व्हायचंय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा श्रीरंगनं क्षणाचाही विचार न करता 'सर्जन' म्हणून सांगितलं. रामसिंग म्हणाला, अजून ठरलं नाही. मग श्रीरंगनं, अगदी सरळ मनानं, एक प्रश्न विचारला. भूल द्यायला एवढं काय शिकायचं असतं, आमच्याकडं तर नर्सच देते.

जनकानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं, असं रामसिंग पुढं सांगायचा.

हा प्रश्न तिला नवा नव्हता. ती हट्ट्याच्या बौद्धवाड्यातली. बाप पुंजाजी वसमतच्या रेल्वेलाइनीवर गँगमन. रुळांवर हातोडा मारून मारून त्याच्या एका कानाला ऐकू येईनासं झालं होतं. पोरगी हुशार आहे असं मास्तरांनी सांगितलं, आणि त्यानं ते चांगल्या कानानं ऐकलं. जनका औरंगाबादेत डॉक्टर झाली. तिला सर्जन व्हायचं होतं. मार्क होते, हात स्थिर होता, आणि रक्त बघून तिला कधी गरगरलं नव्हतं. विभागप्रमुखांनी तिचा अर्ज बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाईमाणूस, आणि त्यातून..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते गिळलेलं वाक्य जनकाच्या घशात अडकलं ते कायमचं. तिला भूलशास्त्राची जागा दिली गेली, कारण ती कोणालाच नको होती.

पहिलं वर्षभर ती त्या विषयावरच चिडलेली होती. सर्जन हातमोजे घालून आत येणार, सगळे त्याला नमस्कार करणार, आणि ही पडद्यामागं स्टुलावर. पेशंट वाचला तर सर्जननं वाचवला, आणि गेला तर भुलीनं गेला. एकदा एका ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातून मोठी रक्तवाहिनी कापली गेली. रक्ताचा लोट आला. तो माणूस टेबलावरच संपला. बाहेर नातेवाइकांना सांगितलं गेलं की भूल सोसली नाही. जनका दारात उभी होती. मयताच्या आईनं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेपासून तिच्या रागाला दिशा मिळाली. तिच्या लक्षात आलं, की तो माणूस तासभर तिच्या हातात होता. त्याचा प्रत्येक श्वास तिनं पिशवी दाबून आत घातला होता. चाकू धरणाऱ्यानं त्याचं पोट तेवढं पाहिलं. तिनं त्याचा जीव राखला होता, आणि त्याच जिवाचं पाप तिच्या पदरात टाकलं गेलं. हे काम हलकं नाही, हे काम बघायला कुणी तयार नाही, एवढं तिला कळलं. त्यानंतर तिनं सर्जरीचं नाव काढलं नाही.

शिक्षण झाल्यावर तिनं शहरात जागा मागितली नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी मागितली. तिथं सर्जन होते डॉ. उत्तमराव. जमीनदार घरातले, देखणे, हाताला वेगवान. त्यांचा चाकू लोण्यातून फिरावा तसा फिरायचा, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. जनका येण्याआधी त्यांच्या टेबलाशी भूल द्यायचा मलमपट्टी करणारा ग्यानोबा ड्रेसर. तारेच्या जाळीवर कापसाची घडी, त्यावर ईथरचे थेंब. पेशंट बरळायला लागला की आणखी थेंब. जनकानं पहिल्या आठवड्यातच ग्यानोबाला सगळ्यांसमोर थिएटरबाहेर काढलं आणि त्या जाळीला हात लावलास तर नोकरी घालवीन म्हणून सांगितलं. बिचाऱ्यानं वर्षानुवर्षं सांगितलं तेच केलं होतं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण जनका रागात माणूस निवडत नसे. ग्यानोबा पुढं तिच्याशी कधीच बोलला नाही, आणि तिनंही त्याला कधी बोलावलं नाही.

उत्तमराव तिला 'जनकाबाई' म्हणायचे. आलेल्या प्रत्येक पुरुष डॉक्टरला ते 'डॉक्टर' म्हणत. ती मात्र त्यांना न चुकता 'डॉक्टरसाहेब' म्हणायची, आणि त्या 'साहेब'ला अशी धार असायची की नर्सा खाली बघायच्या.

तर श्रीरंग आणि रामसिंग. त्या दोघांना तिनं ज्या पद्धतीनं शिकवलं, त्याला शिकवणं म्हणावं की झोडपणं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आधी महिनाभर औषधाला हात लावू दिला नाही. व्हरांड्यात एकमेकांना आडवं करून हनुवटी उचलून धरायला लावली. झोपलेल्या माणसाची जीभ मागं पडते आणि घसा बंद होतो. हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होते. सगळी भूलविद्या या दोन बोटांवर उभी आहे, असं ती म्हणायची. बोटं कळ मारायला लागली, की ती विचारायची, सोडतोस का, सोड, म्हणजे तो मरतो. दुपारी वॉर्डात पेशंट झोपले, की ती दोघांना भिंतीकडं तोंड करून उभं करायची. कुणाचा श्वास कसा चाललाय, हे नुसत्या आवाजावरून सांगायचं. घोरतोय तो बरा की वाईट? ज्याचा आवाजच येत नाही त्याचं काय? ऑक्सिजनचं सिलिंडर भरलंय असं कुणी सांगितलं आणि श्रीरंगनं ते मानलं, तर तिनं सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली. स्वतः उघडायचं, स्वतः ऐकायचं. दुसऱ्याच्या शब्दावर कुणाचा श्वास ठेवायचा नाही.

श्रीरंग जळफळायचा. हे काय डॉक्टरकीचं शिक्षण आहे, असं तो रामसिंगला म्हणायचा. उत्तमराव त्याला हेरून होते. घरचं नर्सिंग होम, सर्जन व्हायची हौस. ते त्याला मुद्दाम हाक मारायचे, टाके घालायला द्यायचे. आणि तेवढ्यात टेबलाच्या उशाकडून जनकाचा आवाज यायचा, की याचं काम इथं आहे.

एकदा चहाच्या वेळी रामसिंगनं धीर करून तिला विचारलं, की मॅडम, तुम्ही आम्हाला एवढं रागावता कशाला. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ह्या जिल्ह्यात चाकू धरणारे सापडतील. उशापाशी बसणारं कुणी नाही. बाळंतीण अडली तर पोट फाडणारा मिळेल, पण तिचा श्वास कोण सांभाळणार? मला तुम्हा दोघांतला एक तरी पाहिजे. आणि मऊ पोरगं ह्या कामाला टिकत नाही. सर्जन त्याला दाबून टाकतो."

श्रीरंग हसला. त्याला वाटलं, ती रामसिंगबद्दल बोलतेय.

शहात्तरचा उन्हाळा आला. ते आणीबाणीचे दिवस होते. वरून कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा आकडा आला होता, आणि तो आकडा तहसीलदारापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या मानेवर बसला होता. मास्तरांनी बायका आणल्या नाहीत तर पगार अडायचा. सुट्टीमुळं रिकाम्या असलेल्या एका शाळेत शिबिर ठरलं. एका वर्गात दोन टेबलं, शेजारच्या वर्गात बायका. दुसरं टेबल चालवायला आरोग्य केंद्राचा एक डॉक्टर येणार होता. जीपा भरभरून बायका येऊ लागल्या. कुणी राजीखुशीनं आली होती, कुणाला रेशनकार्डाचं भय घातलेलं होतं.

उत्तमरावांची युक्ती अशी होती, की पुढच्या दोन-तीन बायकांना शेजारच्या वर्गात आधीच गुंगीची सुई देऊन ठेवायची. टेबल रिकामं झालं की उचलून आणायचं. वेळ वाचतो. जनकानं ठाम नकार दिला. सुई टेबलावरच द्यायची आणि दिली की त्या बाईपाशी एक माणूस बसेल. पहिल्या टेबलापाशी ती स्वतः, दुसऱ्यापाशी रामसिंग, आणि श्रीरंगनं शेजारच्या वर्गात बायकांची नाडी, रक्तदाब तपासायचा, सुई द्यायची नाही. तहसीलदार कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. उत्तमरावांनी मान डोलावली. ती मान डोलावणं जनकाला खटकलं, पण बाहेर बायका उन्हात बसल्या होत्या.

त्यात शिरड शहापूरची चतुराबाई होती. सावळी, किडकिडीत, हातात हिरव्या बांगड्या. जनका तपासायला गेली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बाई, सांजच्याला घरी पोचते न्हवं? तीन लेकरं हायेत. धाकटं दुसऱ्या कुणाजवळ ऱ्हाईना." जनकानं तिच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, पोचशील.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग उत्तमरावांचा मदतनीस उन्हानं चक्कर येऊन बसला. ते हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि शेजारच्या वर्गात डोकावले. श्रीरंगला म्हणाले, पुढच्या बाईला सुई देऊन ठेव आणि मला मदतीला ये, आज तुझ्या हातून टाके घालून घेतो. श्रीरंग घुटमळला. मॅडमनी सांगितलंय, असं तो म्हणाला खरा. उत्तमराव म्हणाले, "मॅडम भुलीच्या डॉक्टर आहेत. शिबिर माझं आहे." श्रीरंगनं चतुराबाईला सुई दिली. गुंगी आणणाऱ्या पेथिडीनची, पुरुषाला देतात तेवढी. त्या काडीसारख्या बाईला तेवढी सोसणार नाही हे त्याला शिकवलेलं होतं, पण त्याचं मन टेबलाकडं धावत होतं. तिला बाकावर झोपवून तो हात धुवायला गेला. त्या वर्गात उरल्या दुसऱ्या बायका. त्यांना वाटलं, बाई झोपली.

जनका पहिल्या टेबलापाशी मान वाकवून बसली होती. पडद्यापलीकडं श्रीरंगचा आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली. तो इथं, तर तिकडं कोण? तिनं टेबलावरच्या बाईचा श्वास पाहिला, नर्सला हनुवटी धरायला लावली आणि पळत शेजारच्या वर्गात गेली.

चतुराबाईचे ओठ जांभळे पडले होते. मान बाकाच्या कडेला कलंडलेली, जीभ मागं पडलेली. छाती हलत नव्हती. नाडी लागता लागेना. जनकानं तिची हनुवटी उचलली आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरला. पुन्हा भरला. छातीवर दाब दिला. रबरी पिशवी आणा म्हणून ओरडली. बायका रडायला लागल्या. किती वेळ गेला कुणाला कळलं नाही. मग नाडी बोटाला लागली, आधी दोऱ्यासारखी, मग धडधडीत. श्वास आला. रंग आला. चतुराबाई मात्र आली नाही.

उत्तमराव दारात आले. हातात रक्तानं माखलेले मोजे तसेच. "वाचली ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि वाचली असं दिसल्यावर परत टेबलाकडं वळले. त्यांच्यामागं श्रीरंग उभा होता. जनका उठली आणि तिनं त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की त्याचा चष्मा फळ्याखाली जाऊन पडला. उत्तमरावांच्या थोबाडीत मारायची तिची हिंमत झाली नाही. हे तिला त्याच क्षणी कळलं आणि त्यापायी तिला स्वतःचाच राग आला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

चतुराबाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. महिन्याभरानं परत आणलं. डोळे उघडे, श्वास बरोबर, जेवण भरवलं तर गिळायची. कुणाला ओळखत नव्हती. बोलत नव्हती. जनका चौकशीसाठी वरच्या साहेबांकडं गेली, दोनदा गेली. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की बाई, शिबिरात एकही मृत्यू झालेला नाही, मग चौकशी कशाची? जिवंत माणसाची का चौकशी असते? जनका त्यांच्या टेबलावर हात आपटून बोलली. ते म्हणाले, तुमच्या त्या शिकाऊ डॉक्टरनं सुई दिली. तो तुमच्या हाताखालचा. ताणून धरलंत तर तुमच्याच गळ्याशी येईल. म्हणजे पुन्हा तेच. वाचली ती सर्जनमुळं, आणि गेली असती तर भुलीमुळं. आणि अशी अर्धी राहिली, तर ती कुणाचीच नाही.

एका रविवारी तिनं श्रीरंगला सांगितलं, की चल. कुठं ते सांगितलं नाही. एसटीनं दोघं शिरड शहापूरला आले. चतुराबाईचा नवरा संतराम ओसरीवर बसला होता. त्याची दोन-तीन एकरांची शेती होती, आणि त्या दिवशी तो शेतात गेलेला नव्हता, कारण घरी हिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. मोठी पोरगी चुलीपाशी भाकरी थापत होती. चतुराबाई भिंतीला टेकवून ठेवली होती. हातात त्याच हिरव्या बांगड्या. धाकटं पोर तिच्या मांडीवर चढायला बघायचं, ती त्याला धरायची नाही, ते घसरून खाली यायचं आणि पुन्हा चढायचं.

जनकानं श्रीरंगच्या हातात पेजेची वाटी दिली आणि भरव म्हणाली. त्यानं चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड उघडलं, गिळलं. अर्धी पेज तिच्या लुगड्यावर सांडली.

"दोन-चार मिनिटांचं काम आहे हे," जनका म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तू टाके घालत होतास तेवढ्या वेळाचं."

संतरामला वाटलं, तपासायला आलेत. तो हात जोडून उभा राहिला. त्याला कुणी काही समजावून सांगितलंच नव्हतं. सुई दिली, झोप लागली, आणि ती झोप अजून उतरली नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "डाक्टरीणबाई, ही जागी कवा व्हईल?"

जनकाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "न्हाई व्हणार, भाऊ. चूक आमची झाली. तिच्यापाशी कुणी बसलं न्हवतं."

संतराम खाली बसला. रडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्यानं पोराला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, एवढंच. परतीच्या एसटीत श्रीरंग खिडकीला डोकं टेकून बसला होता. मॅडम, मी सांगू का वर, की सरांनी मला बोलावलं म्हणून, असं त्यानं विचारलं. सांग, ती म्हणाली. त्यानं सांगितलंही. कुणी ऐकून घेतलं नाही.

पुढच्या सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. उत्तमराव हात धुवून, मोजे चढवून आत आले. पेशंट टेबलावर, पण जनका उशापाशी नव्हती, दारात उभी होती. तिची एक अट होती. भूल सुरू झाल्यापासून पेशंट जागा होईपर्यंत उशापाशी एक डॉक्टर बसेल, आणि त्याला दुसरं कुठलंही काम कुणी सांगणार नाही, सर्जनसुद्धा. हे सगळ्यांसमोर कबूल करा, तरच मी आत येते.

"माझ्या थिएटरात मला अटी?" उत्तमराव म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडं पाठ केली. "राठोड, तू दे भूल."

रामसिंग कोपऱ्यात उभा होता. खेड्यातलं काम समाधानकारक झालं, असं उत्तमरावांनी लिहून दिल्याशिवाय त्याची डॉक्टरकी पूर्ण होणार नव्हती. तांड्यावर बापानं त्याच्या नावाची जेवणावळ घालायची ठरवली होती. त्यानं मास्क उचलला. हातात धरून तसाच उभा राहिला.

"सर, रामसिंग देणार नाही," श्रीरंग म्हणाला. त्यानं पुढं होऊन रामसिंगच्या हातातला मास्क घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. "मीपण देणार नाही. मॅडमची अट आधी कबूल करा."

"मुळे, तुझ्या वडिलांना मी ओळखतो."

"हो सर. मीच सांगणार आहे त्यांना. शिबिराचंही सांगणार आहे."

टेबलावरचा म्हातारा डोळे मिचकावत विचारत होता, की चालू झालं का. उत्तमरावांनी जनकाकडं न बघता मान डोलावली. तिनं तेवढ्यावर सोडलं नाही. तोंडानं म्हणा, असं ती म्हणाली. त्यांनी म्हटलं, कसंबसं. मग ती आत आली आणि उशापाशी बसली.

त्या दिवशी तिला श्रीरंगचा अभिमान वाटला असेल, असं कुणालाही वाटेल. तिला राग आला होता. नाही म्हणणं श्रीरंगला परवडलं, कारण त्याच्या मागं परभणीचं नर्सिंग होम होतं. रामसिंगच्या मागं काय होतं? तिच्या स्वतःच्या मागं, विभागप्रमुखासमोर उभी होती तेव्हा, काय होतं? खरं बोलायलासुद्धा मागं भिंत लागते, आणि ती भिंत ह्या देशात मोजक्या घरांना असते. हे ती रामसिंगला बोललीही.

उत्तमरावांनी शब्द पाळला, आणि महिन्याभरात तिची बदलीही करून घेतली. बदली कुठं, तर जिथं ऑपरेशनचं टेबलच नाही अशा दूरच्या आरोग्य केंद्रात. हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या. भूलतज्ज्ञाला शिक्षा करायची याहून चांगली तऱ्हा नाही. सत्त्याहत्तर साली आणीबाणी उठली, सरकार बदललं, शिबिरांबद्दल लोक उघड बोलायला लागले. उत्तमराव तिथंच होते. उलट त्यांनी एका सभेत शिबिरांविरुद्ध भाषणही केलं.

अठ्ठ्याहत्तर साली जनकाला मेडिकल कॉलेजात शिकवायची जागा मिळाली. तिथं पहिल्याच महिन्यात तिच्या विभागात एक नवा विद्यार्थी आला, श्रीरंग मुळे. सर्जरीची जागा मिळत असताना त्यानं भूलशास्त्र घेतलं होतं. वडिलांनी सहा महिने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. जनकानं त्याला बघून एवढंच विचारलं, की सिलिंडर तपासलंस का.

रामसिंगनं गोरेगावात दवाखाना टाकला. ताप, खोकला, जुलाब. भूल देत नव्हता. हे कळल्यावर ती तणतणत त्याच्याकडं गेली. मी तुला शिकवलं ते यासाठी का, या भागात एक माणूस पाहिजे होता तो तू होतास, असं बरंच बोलली. बाहेर बाकावर बसलेले पेशंट ऐकत होते. रामसिंगनं तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "मॅडम, मास्क हातात घेतला की ती पेजेची वाटी डोळ्यांपुढं येते. श्रीरंगनं मला सगळं सांगितलं होतं. त्या सोमवारी मी मास्क उचलला होता, मॅडम. तुम्ही पाहिलं. श्रीरंग नसता तर मी दिली असती भूल." जनका खुर्चीत बसली. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो तिनं घेतला.

चतुराबाई एकोणऐंशी साली गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यात ताप भरला. रामसिंगनं निरोप पाठवला, तेव्हा जनका शिरड शहापूरला गेली. ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती. मोठ्या पोरीचं लग्न झालं होतं आणि ती पहिलटकरीण होती, पोट चांगलंच पुढं आलेलं. जनकानं तिचे पाय पाहिले. सुजलेले होते. दवाखान्यात आणा, मी स्वतः उशापाशी बसेन, दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही, असं ती संतरामला म्हणाली.

संतरामनं नकाराची मान हलवली. "तुमी खरं बोलल्या होत्या बाई, ते इसरलो न्हाई. पर ह्या गावातून आता दवाखान्यात कुणी जात न्हाई. आमीबी न्हाई."

तिनं खूप सांगितलं. सुजेचा अर्थ सांगितला, रक्तदाब चढला तर आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेततं म्हणून सांगितलं. पोरगी ऐकत होती, पण बापाकडं बघत होती. शेवटी जनका उठली. रामसिंगला निरोप ठेवला, की ह्या पोरीकडं दर आठवड्याला जाऊन ये, घरी जाऊन रक्तदाब बघ. मग ती एसटीत बसली. वाटेत तिला उत्तमरावांचा राग आला, साहेबांचा आला, आकडा पाठवणाऱ्यांचा आला, स्वतःचा आला. एका वर्गात चतुराबाईच्या उशापाशी रिकामी राहिलेली ती जागा. त्यापायी गावचं गाव दवाखान्याकडं पाठ करून बसलं होतं, आणि त्याची किंमत आता ती पोरगी देणार होती, जिनं त्या दिवशी बहुतेक घरी भाकरी थापल्या होत्या.

पोरगी वाचली. मूल वाचलं नाही. रामसिंग वेळेवर पोचला होता, पण पोट उघडायला लागलं असतं, आणि ते घरी होत नाही.

ही बातमी आली त्या सकाळी जनका थिएटरात होती. भुलीच्या विषयाला तेव्हा चार-पाच पोरंपोरी येत होती, निम्मी दुसरं काही मिळालं नाही म्हणून. श्रीरंग त्यांना शिकवायला मदत करायचा. त्या दिवशी टेबलावर एक म्हातारी होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. मागं उभ्या दोन पोरांचं आपसात कुजबुजणं चाललं होतं. जनका वळली. तिनं त्यांना काही सांगितलं नाही, शिरड शहापूरचंही नाही. एकाला हाताला धरून पुढं ओढलं, स्टुलावर बसवलं, त्याची दोन बोटं म्हातारीच्या हनुवटीखाली ठेवली आणि स्वतः मागं उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली. "श्वास कसा आहे?"